कशावर तापता?

काका भेटले की 'कसे आहात' असं कधीच विचारत नसत. "काय, कशावर तापता?" असं विचारत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, आपला चेहरा रागीट दिसतोय की काय. कार्ल्सरूहेच्या मराठी मंडळाची संक्रांत होती. मी तिळगुळाची वाटी घेऊन उभी, आणि समोर माकडटोपी घातलेले एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ. हॉलमध्ये सगळे सुती झब्ब्यात आणि काठपदरात वावरत होते, हे एकटेच हिमालयात निघाल्यासारखे.

"नाही हो, मी कुठे तापलेय?" मी म्हटलं.

"घर, घर! घर कशावर तापतं? तेल, गॅस की लाकूड?"

मी सांगितलं, तेलावर. पण तळघरातला बॉयलर शेवटच्या घटका मोजतोय, नवीन काहीतरी बघायला लागणार. त्यावर त्यांनी माझ्या हातातला तिळगूळ उचलून तोंडात टाकला. चेहरा असा फुलला, जसं कुणी त्यांना घरातल्या लग्नाची बातमी दिली.

"वा! म्हणजे निवड करायची आहे. आल्झो, ठरलं तर मग, शनिवारी येतो आम्ही."

पत्ता त्यांनी नंतर विचारला.

शहरातल्या भाड्यांना कंटाळून आम्ही ब्लॅक फॉरेस्टच्या पायथ्याशी एका खेड्यात जुनं घर घेतलं होतं. निखिल, माझा नवरा, गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. आठवड्यातले निम्मे दिवस म्युनिकला. मी घरातूनच ऑफिसचं काम करायची. आमची मुलगी इरा तेव्हा किंडरगार्टनमध्ये. काका आमच्या पलीकडच्याच गावात राहत होते, आणि ते आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. शनिवारी सकाळी ते आले, सोबत काकू.

काकू त्याच गावात जन्मलेल्या, अस्सल जर्मन. पण त्यांच्या सासूबाईंनी मिरजेहून येऊन त्यांच्याकडे बरेच हिवाळे काढले होते, आणि काकूंचं मराठी तिथून आलेलं. त्यात इंग्रजीचा एक शब्द नसायचा. आम्ही 'सुपरमार्केटला जाऊन येते' म्हणायचो, काकू म्हणायच्या, "वाण्याकडे जाऊन येते." नवऱ्याला 'अहो' म्हणायच्या, तेही असं ठसक्यात की आमच्या पिढीतल्या बायकांना आपण काहीतरी गमावलंय असं वाटावं.

काका आत आले, बसले नाहीत. पॅसेजमधल्या भिंतीवर त्यांनी पालथा हात ठेवला, तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग खिडकीखाली, मग जिन्याच्या बाजूला. टोपी डोक्यावरच.

काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "टोपी काढली नाही म्हणजे घर नापास. मनाला लावून घेऊ नकोस गं."

हे मंडळात सगळ्यांना माहीत होतं म्हणे. काका कुणाच्या घरी टोपी काढतात याकडे यजमानांचं लक्ष असे. एका डॉक्टरीणबाईंनी तर ते यायच्या दिवशी सकाळपासून भिंतीवरचे सगळे हायत्सुंग, म्हणजे हीटर, फुल करून ठेवले होते. काकांनी टोपी काढली, स्वेटर काढला आणि म्हणाले, "बाई, हे घर गरम नाही, घाबरलेलं आहे."

आयुष्यभर त्यांनी एका मोटारीच्या कारखान्यात गाड्यांच्या धुराच्या चाचण्या घेतल्या होत्या. "दुसऱ्यांचा धूर मोजून मोजून निवृत्त झालो. आता माझा स्वतःचा काढतो," असं म्हणायचे. पण खरं तर त्यांच्या घराच्या धुराड्यातून धूर निघालेला कुणी बघितला नव्हता. त्यांचा त्याबद्दलचा अभिमान एखाद्या गवयाला सुराचा असावा तसा होता. आणि ज्यात ते लाकूड जाळायचे त्या धुराड्याच्या शेगडीला 'स्टोव्ह' म्हटलेलं त्यांना खपत नसे. "स्टोव्ह रॉकेलचा असतो. त्याला पंप मारायचा, पिन घालायची. हा ओफन." लाकडाचा तो ओफन. पेलेटचा मात्र त्यांच्या लेखी ओफनच नव्हता. पेलेट म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या बोटाएवढ्या कांड्या. त्या पोत्यातून यंत्रात ओतायच्या, बटण दाबायचं, यंत्र आपलं आपण एकेक कांडी आगीत ढकलत बसतं. काका त्याला 'कांडी' म्हणायचे, आणि तेही नाक वर करून. "मिरजेला अशा कांड्या आमच्या म्हशीला घालायचो. ती म्हैस तरी दूध द्यायची."

निखिलला लाकूडच हवं होतं. काचेआड जळणारे ओंडके, बाहेर बर्फ, हातात पुस्तक. मला पेलेट हवं होतं, कारण त्याचं ॲप होतं. या विषयावर आमचं घरात इतकं बोलून झालं होतं की आता आम्ही त्यावर फक्त भांडत होतो. काका लाकडाच्या बाजूने बोलणार हे उघड होतं, त्यामुळे निखिल त्यांच्यासाठी उत्साहाने कांदेपोहे करत होता.

काका स्वयंपाकघरात बसले आणि चौकशी सुरू झाली.

"सकाळी आधी कोण उठतं?"

"मी," मी म्हटलं.

"राख कोण काढणार?"

"मी काढीन," निखिल म्हणाला.

"म्युनिकहून?"

निखिलने पोह्यांची कढई उगाच पुन्हा ढवळली.

"भांडण झालं की आधी कोण बोलतं?"

"काका, याचा ओफनशी काय संबंध?" निखिलने विचारलं.

"गेनाऊ! बरोब्बर! तोच तर संबंध. भांडण झालं की घर गार पडतं. तेव्हा अंगणातनं लाकूड आणायला कोण उठणार, हे आधी ठरलेलं पाहिजे."

काकू पोहे खाता खाता म्हणाल्या, "अहो, पोरांना खाऊ तरी द्या."

पुढच्या शनिवारी ते आम्हाला तालुक्याच्या गावी एका दुकानात घेऊन गेले. तिथे सगळ्या तऱ्हेचे ओफन मांडलेले, दोन-तीन पेटवून ठेवलेले. विक्रेता तरुण, सुटाबुटातला. काकांनी एकेका ओफनसमोर स्टूल ओढून बैठक मारली. बोलत नव्हते, नुसते बघत होते. विक्रेत्याने विचारलं, काही मदत करू का? काका जर्मनमध्ये म्हणाले, "हो. हा विझवा."

"विझवू?"

"हो. पेटताना सगळेच देखणे दिसतात. माणूस आणि ओफन, दोन्ही विझताना ओळखावेत."

त्या बिचाऱ्याने विझवला. आम्ही बसून राहिलो. ओफन हळूहळू निवत होता, काका मधूनमधून त्याच्या अंगाला हात लावत होते. विक्रेता जेवायला जाऊन परत आला तरी आम्ही तिथेच. शेवटी काकांनी एका जाड दगडी अंगाच्या ओफनवर थोपटलं. "हा आग गेल्यावरही ऊब धरून ठेवतो. लाकूड घ्यायचं तर असा. नुसत्या पत्र्याचा नको, तो घोटभर चहासारखा. क्षणात गरम, क्षणात गार." मग पेलेटच्या यंत्रासमोर बसले. त्याच्या पंख्याची घरघर डोळे मिटून ऐकली. वीज गेली की याचं काय होतं, असं विक्रेत्याला विचारलं. बंद पडतं, तो म्हणाला. काकांनी माझ्याकडे बघितलं. "ऐकलंस? वीज नाही तर ही नुसती पेटी."

परतीच्या वाटेवर गाडीत निखिल शीळ घालत होता. त्याचं जवळजवळ ठरलं होतं. काका मागून म्हणाले, "तुम्ही कांडी घ्या."

निखिलने गाडी हळू केली. "काका, तुम्ही सांगताय हे?"

"मी लाकडाच्या बाजूचा आहे, पण तुमच्या घराच्या बाजूने विचार करतोय. तू चार दिवस बाहेर. लाकूड उचलणार ही. मग ही लाकडावर नाही चिडणार, तुझ्यावर चिडेल. लाकूड कितीही चांगलं असलं तरी संसारापेक्षा मोठं नाही."

मी जिंकले होते. पण निखिलचा चेहरा इतका पडला की मला ते सोसवेना. घरी येऊन मीच म्हटलं, चल, लाकूड घेऊ. दगडी अंगाचा तो ओफन आमच्याकडे आला. काका म्हणाले, "घ्या बापडे," आणि त्या दिवसापासून असे कामाला लागले की जणू हा सल्ला त्यांनीच दिला होता.

जंगलातून आपल्या हाताने लाकूड आणायचं तर जर्मनीत चेनसॉचा कोर्स करावा लागतो, परीक्षा देऊन परवाना मिळतो. काकांनी तो निवृत्तीनंतर केला होता. माकडटोपीवर हेल्मेट बसेना, आणि टोपी काढायला हे तयार नाहीत. शिकवणारा वनरक्षक म्हणाला, टोपी किंवा परवाना. काकांनी टोपी काढली. ही गोष्ट काकू प्रत्येक नवीन पाहुण्याला सांगायच्या, आणि काका प्रत्येक वेळी म्हणायचे, "कान गारठले होते त्या दिवशी, अजून नीट ऐकू येत नाही." त्यांनी निखिललाही तो कोर्स करायला लावला. मग दोघं शनिवारी रानात. निखिल परत यायचा तो अंगभर भुसा आणि डोक्यात सुविचार घेऊन. "चूल खालून पेटते, ओफन वरून पेटवायचा." "ओलं लाकूड आणि कच्चा पाहुणचार, दोन्हींनी डोळ्यात पाणी येतं."

ते दुसरं वाक्य आम्हाला पहिल्याच हिवाळ्यात पटलं. आमचं स्वतःचं लाकूड अजून वाळत होतं म्हणून निखिलने जाहिरात बघून कुणाकडून तरी ट्रॉलीभर लाकूड घेतलं. पेटवलं आणि घर धुराने भरलं. काच काळी, इरा डोळे चोळत "एस श्टिंक्ट!", घाण वास येतोय, म्हणून ओरडतेय, आणि शेजारच्या बाई दारात उभ्या. काका आले. दोन ढलप्या घेऊन एकमेकींवर आपटल्या.

"ऐका. 'टण्ण' वाजतंय?"

"नाही."

"'थप्प' वाजतंय. ओलं आहे. हे अजून झाड आहे रे, लाकूड झालेलं नाही."

स्वतःच्या गाडीतून त्यांनी आमच्यासाठी बीचच्या झाडाचं कोरडं लाकूड आणलं. तशी त्यांना एकाच माणसाची भीती वाटायची, धुराडी तपासणाऱ्या बाईंची. जर्मनीत तुमच्या घरचा ओफन चालवायला योग्य आहे की नाही, हे धुराडं साफ करणाराच ठरवतो, आणि आमच्या दोन्ही गावांना एक दणकट बाई होत्या, काळ्या पोशाखातल्या. त्यांना स्पर्श केला की नशीब उघडतं असा इथला समज. काका स्पर्श तर करायचेच, वर वाकून नमस्कारही करायचे. बाई त्यांच्या धुराड्यात डोकावून म्हणायच्या, "तुमच्याकडे मी का येते तेच कळत नाही." त्या दिवशी काका गावभर पेढे वाटायचे बाकी ठेवत.

काकांचं म्हणणं खरं ठरलं ते दुसऱ्या हिवाळ्यात. निखिल म्युनिकला, बाहेर गुडघाभर बर्फ, माझी ऑफिसची मीटिंग चालू, आणि ओफन विझत आलेला. मी टोपली घेऊन अंगणात गेले, ढलप्या भरल्या, घसरले, आणि तिथेच बर्फात बसून निखिलला फोन लावून नको ते बोलले. मग काकांना लावला. ते आले. 'सांगितलं होतं ना' असं एका शब्दाने म्हणाले नाहीत. लाकूड आत आणून रचलं, वरून पेटवलं, दार लावलं आणि ओफनसमोर फरशीवर मांडी घालून बसले.

"आई चुलीपुढे खोकायची," ते एकदम म्हणाले. "मी अभ्यास करत बसायचो बाजूला. एवढं धड जळत कसं नाही, असं वाटायचं. त्याच नादात इंजिनिअर झालो, इथं आलो. बिनधुराची आग करून दाखवायची होती तिला." मग हसले. "ती आली, बघितलं, आणि म्हणाली, 'धूर नाही, मग कळणार कसं घरात चूल पेटलीय?'"

त्यानंतरच्या शरदात काकूंना खोकला सुरू झाला.

काकांनी दोष सगळ्यांना दिला. बागेतल्या फुलांना, चर्चमधल्या धुपाला, वाण्याकडच्या नव्या साबणाला. काकू गावच्या गायनमंडळात गायच्या, ते त्यांनी सोडलं. मग जिना चढताना मध्ये थांबायला लागल्या. शेवटी त्यांना फुप्फुसांच्या डॉक्टरांकडे नेलं. दुखणं जुनं होतं, आतल्या आत वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, हे कशामुळे झालं ते नक्की सांगता येत नाही. पण यापुढे घरात लाकडाची आग नको, राख नको, ओफनचं दार उघडताना खोलीत येतो तेवढासा धूरही नको.

हे मला काकूंनी फोनवर सांगितलं. काका दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आले, ते भिंतीला हात न लावताच खुर्चीत बसले.

"माझ्या ओफनला धूर नाही," ते म्हणाले.

"नाही काका."

"नव्हता गं. मी मोजलाय." त्यांनी टेबलावरचा चहा बाजूला सारला. "आज सकाळी पेटवला नाही. उद्या येशील माझ्याबरोबर दुकानात? मला निवडता यायचं नाही."

त्याच दुकानात गेलो. विक्रेत्याने काकांना ओळखलं आणि आता कोणता विझवायचा, अशा नजरेने बघितलं. काका दाराजवळच्या खुर्चीत बसून राहिले. मीच सगळं विचारलं. जळायला लागणारी हवा नळीने थेट बाहेरून ओढणारा, खोलीशी काही संबंध न ठेवणारा असा एक पेलेटचा ओफन होता. राखही बंद डब्यात, डबा बाहेर नेऊनच रिकामा करायचा. मी काकांना बोलावलं.

"हिच्या झोपेत आवाज येईल का?" एवढंच त्यांनी विचारलं.

विक्रेत्याने चालू करून दाखवला. पंख्याची बारीक घरघर. काकांनी ऐकली, मान हलवली.

"कांड्या घालायला दार उघडावं लागतं?"

"वरून भरायच्या, आगीचं दार बंदच."

"पेटवायला?"

"आपोआप पेटतो. वेळ लावून ठेवायची."

काका माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "मग मी काय करायचं?"

विक्रेत्याला भाषा कळली नव्हती, पण त्याने खाली बघितलं.

काकूंच्या वडिलांच्या वेळचा तो जुना बिडाचा ओफन चार माणसांनी उचलून बाहेर काढला. तेव्हा काका घरात नव्हते, काकूंना घेऊन फिरायला गेले होते. लाकडाचं मात्र त्यांनी स्वतः केलं. घराच्या दक्षिणेच्या भिंतीला त्यांनी ढलप्या अशा रचल्या होत्या की लोक वाट वाकडी करून बघायला यायचे. त्यांनी गावाला बोलावलं. लोक हातगाड्या घेऊन आले. काका प्रत्येकाला ढलपी हातात देऊन सांगत होते, हे ओक, हे सावकाश जळेल, हे बर्च, पाहुणे आले की लावा, ज्वाळ सुरेख येते. मुलीची पाठवणी करताना बाप तिच्या आवडीनिवडी सांगतो तसं. आमच्या वाट्याला बीच आलं. ते घरात नेताना निखिल रडला, आणि डोळ्यात भुसा गेला म्हणाला.

पुढे निखिलच्या नोकरीसाठी आम्ही बाड हॉम्बुर्गला आलो. इथे फ्लॅट आहे, भिंतीवरच्या हायत्सुंगचा कान पिळला की खोली गरम. काकांनी फोनवर विचारलं होतं, "ती उष्णता येते कुठून, बघून आलीस का?" मी नाही म्हटल्यावर दुखावले. पण निघण्याआधीची एक सकाळ मला सांगायची आहे.

जानेवारी होता. इराला किंडरगार्टनला सोडून मी काकूंकडे गेले. खोली छान उबदार होती. कोपऱ्यात नवीन ओफन, त्याच्या काचेआड लहानशी ज्वाळ. काकू खुर्चीत शाल घेऊन बसलेल्या. खोकला होता, पण बोलताना दम लागत नव्हता. काका स्वयंपाकघरात चहा करत होते. भांड्यांचा असा आवाज येत होता की चहा करण्याचा सराव फारसा नसावा.

"बरं वाटतंय का काकू?"

"बरं आहे गं." त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "तुला एक सांगू? लग्न झाल्यापासून सकाळी जाग आली की शेजारची जागा रिकामी. हे खाली, ओफनशी. मी उठेपर्यंत घर ऊबदार व्हायला हवं ना. घर गरम असायचं, अंथरूण गार."

"आणि आता?"

"आता ते यंत्र आपलं आपण पेटतं. हे झोपून राहतात. घोरतात चक्क!" आणि त्या लाजल्या. माझ्या आजीच्या वयाची जर्मन बाई, पदर नसताना पदर सावरल्यासारखी लाजली.

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही त्यांना?"

"इतक्या मायेनं पेटवायचे. कसं सांगू?"

काका ट्रे घेऊन आले. ट्रेमध्ये अर्धा चहा सांडला होता. "काय कुजबुज चाललीय?"

"काही नाही हो," काकू म्हणाल्या, "तुमच्या कांडीला नावं ठेवतोय."

"ठेवा, ठेवा," काका खूश झाले. "त्या यंत्राला काही वाटत नाही."

मग ते ओफनकडे पाठ करून काकूंच्या खुर्चीच्या हातावर टेकले, कपातला चहा बशीत ओतला, त्यावर फुंकर घातली, आणि बशी आधी काकूंच्या ओठांशी धरली.